‘मी येतो’ म्हणणारी मैत्रीण
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

समोर बसलेले सगळे सर, बाई आणि १९९६ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख ‘लेखिका’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. तो खोकला अगदी योग्य होता. छापून आलेली माझी एकूण इस्टेट म्हणजे दिवाळी अंकांतल्या दोन कथा. बाकी वीस-बावीस वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, आणि गेली सहा वर्षं रात्री साडेदहानंतर एक कादंबरी लिहिते आहे. ती अजून पुरी झालेली नाही. मला विषय दिलाय ‘वाचनाने मला काय दिलं’. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. कादंबऱ्या वाचून कादंबरी लिहायला शिकता येतं का, एवढंच सांगते.

आपण वाढलो त्या गावात खरं तर हे सोपं असायला हवं होतं. भाऊसाहेब खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून इथे आले ते इथलेच झाले. शिवाजी सावंत राजाराम हायस्कूलमध्ये शिकवत होते तेव्हाच ‘मृत्युंजय’ आली. रणजित देसाई कोवाडचे, शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे. एसटीने काही तासांत पोचाल इतक्या अंतरावर निम्मी मराठी कादंबरी! पण मी त्यांच्यापासून सुरुवात केली नाही. आमच्या गल्लीत एक भाड्याचं वाचनालय होतं. तिथून मी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, नारायण धारपांची भुतं आणि सुहास शिरवळकर असं सगळं भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचलं. बाबा करवीर नगर वाचन मंदिराचे सभासद. ते १८५० सालचं वाचनालय, तिथून घरी यायची ती ‘चांगली’ पुस्तकं. चांगली पुस्तकं दिवाणखान्यात, भाड्याची माळ्यावर. ही वाटणी माझ्या डोक्यात पुढे तीस वर्षं टिकली, आणि तिने माझं नुकसान केलं.

आता कादंबरीबद्दल. तुम्हाला आठवत असेल, नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींच्या बाजूचा तिसरा बाक अर्धा रिकामा राहिला. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. तिचं लग्न झालं होतं. हजेरीत तिचं नाव काही दिवस पुकारलं गेलं, आपण सगळे गप्प बसायचो, मग एक दिवस ते पुकारणं बंद झालं. आपल्यापैकी कुणी तिच्या घरी गेलं नाही. मीही नाही, आणि मी तर त्याच बाकावर तिच्या शेजारी बसत होते.

सहा वर्षांपूर्वी मी तिची गोष्ट लिहायला घेतली. पहिल्या मसुद्याची एकशे चाळीस पानं झाली. मला वाटत होतं, फार हृदयद्रावक लिहिलंय. नायिका पानापानावर रडत होती, आभाळ दाटून येत होतं, दिवा फडफडत होता. थोडक्यात, मी खांडेकर झाले होते, त्यांची प्रतिभा सोडून बाकी सगळं घेऊन. मग धीर करून तिचा पत्ता काढला. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात ती राहते. तिच्या सोप्यात बसून मी चार प्रकरणं वाचून दाखवली. ती पावट्याच्या शेंगा सोलत ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, “छान लिवलंयस. पण ही बाई कोण?”

मी म्हटलं, “अगं, तू.”

“मी असं बोलतो व्हय? ‘मी येते, मी जाते’? आणि किती रडतीया ही! मी आठ दिवस रडलो. मग म्हस व्याली. रडाय टाइम कुठं हाय?”

तुम्ही हसलात, कारण तुम्हीही तसंच बोलता. आपल्याकडे बायका ‘मी येतो, मी जेवलो’ म्हणतात. पुण्याला नोकरीला गेल्यावर माझ्या खोलीतल्या मुलींनी याच ‘येतो’वरून मला इतकं पिडलं की महिन्याभरात मी ‘येते’ झाले. आणि पुढे कोल्हापूरच्या मुलीची गोष्ट लिहिताना तिलाही न विचारता ‘येते’ करून टाकलं.

घरी आले आणि लिहिणं बंद केलं. आमच्या धंद्यात आपला प्रोग्राम चालेना झाला की दुसऱ्याचा चालणारा प्रोग्राम उघडून बघतात, तो आतून कसा बांधलाय ते. मी तेच केलं. वाचलेल्याच कादंबऱ्या पुन्हा घेतल्या, यावेळी हातात पेन्सिल. आणि दिवाणखाना-माळा असा भेद केला नाही.

पहिली ‘गोतावळा’. यादवांची १९७१ सालची कादंबरी. नारबा हा शेतावरचा गडी स्वतःच सगळं सांगतो. मालक ट्रॅक्टर आणतो आणि नारबाच्या भोवतीची जनावरं एकेक करून जातात. कॉलेजात असताना मी ती वीस पानांवर सोडली होती, भाषा अवघड म्हणून. आपल्याच तालुक्याशेजारची भाषा मला अवघड! आता वाचताना लक्षात आलं की आपल्याकडे बहुतेक लेखक बोलीभाषा संवादात ठेवतात आणि निवेदन पुस्तकी करतात. म्हणजे पात्र बोलतं एका भाषेत आणि त्याच्याबद्दल विचार करतो तो दुसराच कुणी शिकलेला माणूस. यादवांनी ती भिंतच काढली. नारबा बैलाकडे बघतो तेही त्याच्याच भाषेत. मी माझं पहिलं प्रकरण पुन्हा लिहिलं. ‘मी शाळेतनं आलो तवा पावणं आलं हुतं’ हे वाक्य आलं आणि पहिल्यांदा ती मला कागदावर दिसली.

पण सगळं तिनेच सांगायचं का? इथे ‘मृत्युंजय’ने मदत केली. शाळेत आपण ती कर्णासाठी रडायला वाचली. पेन्सिल घेऊन वाचलं तर तिचे नऊ भाग आहेत आणि सांगणारे सहा. कर्णाच्या वाट्याला चार. बाकी कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटचा श्रीकृष्णाचा. कर्णाला आपली आई कोण हे माहीत नसतं आणि कुंती ते मनात धरून बसलेली असते. वाचणाऱ्याला दोन्ही माहीत. कादंबरीतला ताण त्या मधल्या जागेत आहे. माझ्या मसुद्यात मुलीची आई खलनायिका होती. तिला एक प्रकरण तिच्या तोंडून बोलायला दिलं, आणि मला तिच्यावर रागावता येईना. तिचंही लग्न तेराव्या वर्षी झालेलं. आपण वाईट करतोय असं तिला वाटलंच नव्हतं. आठवीत आपल्याला मराठीच्या बाई धडा संपला की म्हणायच्या, “आता हीच गोष्ट त्या घरातल्या मोलकरणीने सांगितली तर?” आपण त्याला शिक्षा समजायचो. बाई, मला तो अभ्यास पुरा करायला तीस वर्षं लागली.

आता माळ्यावरची पुस्तकं. अगाथा ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ ची. पहिल्यांदा वाचताना मी पुरती फसले. दुसऱ्यांदा वाचताना बघितलं, की सांगणारा खोटं असं फारसं बोलतच नाही. काही गोष्टी नुसता गाळतो. गाळलेल्या जागा मी पेन्सिलने खुणा करून मोजल्या. त्यानंतर माझ्या पहिल्याच पानावर ठळकपणे आलेलं लग्न मी उचलून मागे नेलं. आता वाचणाऱ्याला ते हजेरीतून कळतं, नाव पुकारणं थांबतं तेव्हा. आपल्याला कळलं होतं तसं.

आणि धारप. त्यांना भुताखेतांचे लेखक म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. पण भीती कशी उभी करायची हे मला कुठल्याही पुरस्कारप्राप्त कादंबरीने इतकं स्वच्छ दाखवलं नाही. साधं घर, नेहमीचं स्वयंपाकघर, शांत आवाजात वर्णन, आणि त्यात एकच गोष्ट जागेवर नसते. मी मुलगी बघायला पाहुणे येतात तो दिवस असाच लिहिला. शेजारून मागून आणलेल्या कपबश्या, पोह्यांना ओलं खोबरं, आईची नेसायला दिलेली साडी. कुणी रडत नाही, कुणी ओरडत नाही. फक्त तिचं दप्तर नेहमीच्या खुंटीवर नसतं. माझ्या नवऱ्याने ते प्रकरण वाचलं आणि पंखा बंद करून बसला.

सगळंच वाचन असं कामी आलं असं नाही. ‘ययाति’ तिसऱ्यांदा वाचताना मला कंटाळा आला, सुविचारच फार, हे भाऊसाहेबांच्या गावात म्हणायचं धाडस करते. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले. त्यांच्याकडून मी एक वेगळंच उचललं. त्यांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नुसती कथा बघावी. मीही माझी पहिली कथा दुसऱ्या नावाने पाठवली. परत आली. स्वतःच्या नावाने पाठवली, तीही परत आली! तिसऱ्या ठिकाणी छापली.

नवी प्रकरणं मी तिला फोनवर वाचून दाखवते. ती मध्येच थांबवते. म्हशीचं नाव चुकलंय म्हणते. सासऱ्यांना इतकं चांगलं दाखवू नको म्हणते, दुसऱ्या दिवशी फोन करून ‘ऱ्हाऊ दे तसंच’ म्हणते. पुस्तक झालं तर छापायचं की नाही ते ती ठरवणार, हे आमचं ठरलंय. तिची मोठी मुलगी नर्सिंग करून कोल्हापुरातच नोकरीला आहे. तिने आधी वाचायचं आणि मग आईला सांगायचं, असाही एक विचार चालू आहे.

आज तिला बोलावलं होतं. रानात उसाची तोड आली आहे म्हणून आली नाही. पण एक काम सांगितलंय. नवव्या प्रकरणात हजेरीचा प्रसंग आहे, त्यात मी लिहिलंय की तिचं नाव पंधरा दिवस पुकारलं गेलं. तिने विचारलं, “खरंच पंधरा दिवस? का तू वाढवलंस?” मला सांगता आलं नाही. मला आठवतं ते पंधरा. पण मी लिहिणारी बाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तेव्हाचे वर्गशिक्षक समोर बसले आहेत, मुलींच्या बाजूच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावरच्या मैत्रिणीही आहेत. कुणाला नक्की आठवत असेल तर जेवताना मला गाठा. मी वाढप्यांच्या बाजूलाच बसणार आहे.