रिकामे रकाने
(टिटवाळा येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



विषय दिला आहे 'कार्यकर्त्यांची जडणघडण'. मागच्या जानेवारीत माझ्याच हातून झालेली चूक आधी सांगते.

आपल्या एका पाड्यावर बालवाडी चालवणारी कातकरी मुलगी आहे. पोरांची फार लाडकी. पण तिच्या हजेरीपत्रकात रकानेच्या रकाने रिकामे. मी सगळ्या आयांसमोर तिला बोलले. दुसऱ्या दिवशी बालवाडी बंद. आठ दिवस बंदच.

त्या आठ दिवसांत मला अनुताई वाघ आठवत होत्या. १९४५ मध्ये आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई पस्तिशीच्या होत्या. शिक्षिका म्हणून अनुभवी, पण एवढ्या लहान मुलांचं शिक्षण त्यांना नवं. ताराबाई स्वतः भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून तयार झालेल्या. त्यांनी अनुताईंना तसंच बरोबर घेतलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पानं घेतली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७३ मध्ये ताराबाई वारल्या, त्यानंतर १९९२ पर्यंत अनुताईंनी ते सांभाळलं. दोघींची सोबत अठ्ठावीस वर्षांची! आपण तीन दिवसांचं शिबिर घेतो आणि चौथ्या दिवशी तपासणीला जातो.

पौलाने मार्काला बरोबर न्यायला नकार दिला, बर्णबाने नेलं. मी कुणाच्या बाजूला होते ते उघड आहे.

नवव्या दिवशी तिच्या घरी गेले, माफी मागितली. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "ताई, दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातात. त्यांना गैरहजर लिहू का नाव कापू? कापलं तर पावसाळ्यात परत आल्यावर काय करू? म्हणून कोरं ठेवलं."

मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. वर्षभर तपासणी करून मी हे एकदाही विचारलं नव्हतं. 'भट्टीवर' असा वेगळा रकाना तिनेच सुचवला. आता तो आपल्या सगळ्या बालवाड्यांत आहे.

महिन्यातून एक सकाळ मी तिच्याबरोबर काढते, रजिस्टर पिशवीतच ठेवून. गेल्या खेपेला शेजारच्या पाड्यावरची नवी मुलगी आली होती. तिला रकाने भरायला हीच शिकवत होती. मी मागे पोरांत बसले होते.