पांडुरंग सांगवीकरचा मला इतका राग का यायचा?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. ‘कोसला’ वाचायला घेतलीय, पण त्या पांडुरंगचा राग येतो, पुढं वाचू का सोडू? आज त्यावरच बोलू. कारण मी स्वतः ती पहिल्यांदा अर्ध्यात सोडली होती.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भालचंद्र नेमाडे यांची ही पहिली कादंबरी, १९६३ ची. तेव्हा नेमाडे पंचविशीचे, आणि गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीचाच. सांगवी गावातल्या खात्यापित्या घरचा मुलगा पुण्याला कॉलेजात येतो. होस्टेलवर राहतो, पुढारपण करतो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी परत जातो. बस. पुढं मोठी नोकरी नाही, शेवटी डोळे उघडणं वगैरे पण नाही.

मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला होतो, पुण्यातच, होस्टेलवर. शेवगावला आमचं बी-बियाणं आणि खतांचं छोटं दुकान आहे. आमच्या भागात कपाशी जास्त. पाऊस लांबला की पेरण्या लांबतात आणि दुकानाची उधारीची वही जाड होते. त्या वर्षी आण्णांनी माझी फी दोन हप्त्यांत भरली होती. मी रात्रीची मेस बंद करून वडापाववर भागवत होतो. आणि इथं हा पांडुरंग! बापाच्या पैशावर मजा करतो आणि वर बापालाच नावं ठेवतो. माझा पुणेकर रूममेट ते वाचून पोट धरून हसायचा. मला हसूच येईना. मी पुस्तक मिटलं आणि परत देऊन टाकलं.

दुसऱ्यांदा वाचली ती गेल्या वर्षी. एका शुक्रवारी कंपनीतून पंधरा मिनिटांचा कॉल आला, आणि सोमवारी लॅपटॉप जमा करायचा होता. महिन्याभरानं खोली सोडली, वाकडेवाडीवरून एसटी पकडली आणि शेवगावला आलो. घरी सांगितलं, ‘वर्क फ्रॉम होम आहे.’

दुकानाच्या वर आमचं घर. मी रोज दहाला दार लावून घ्यायचो आणि कानात हेडफोन घालून बसायचो. जूनचे दिवस, खाली बियाण्याला गर्दी. आणि आण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे, ‘हळू बोला जरा, वर पोराची मीटिंग चालूय.’ माणसं बिचारी खरंच आवाज खाली करायची. मीटिंग कुठली? वर मी ‘कोसला’ वाचत होतो.

या वेळी मला हसू आलं. आणि हसता हसता लक्षात आलं की हा माणूस एवढं हसवतो ते कशावर तरी झाकण ठेवायला. मग त्याची धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते. आपल्या पिढीला ‘देवी’ म्हणजे फक्त आजोबांच्या दंडावरचा लसीचा वण. तेव्हा त्यानं घरंच्या घरं रिकामी व्हायची. त्या पानांवर झाकण उडतं. तिथं पांडुरंग चांगला का वाईट, हा प्रश्नच मला पडला नाही.

आणखी एक कळलं. त्याचे वडील आपल्याला दिसतात ते फक्त त्याच्याच तोंडून. त्यांची बाजू पुस्तकात कुणी सांगत नाही. दोघं एका घरात राहतात, पण मधली गोष्ट कुणीच काढत नाही. पहिल्या वेळी मी वडिलांच्या बाजूनं भांडत होतो, कारण मला आण्णांच्या पैशाची भीती होती. दुसऱ्या वेळी पांडुरंगच्या बाजूनं, कारण आता मीच पांडुरंग झालो होतो. फीचे हप्ते भरून शिकलेला, आणि खोटं बोलून वर बसलेला.

तुमच्यातले काही जण लिहितात, पांडुरंग टॉक्सिक आहे, त्याला थेरपीची गरज आहे. असेलही. पण आपण पात्राचं अप्रेझल करायला बसतो ना, तिथं गडबड होते. त्याला कामावर घ्यायचं नाहीये की त्याच्याशी लग्न जुळवायचं नाहीये. राग येतोय ना? मग येऊ द्या. फक्त स्वतःला विचारा, नेमका कुठल्या पानावर आला? माझा राग पैशाच्या पानांवर यायचा. तुमचं पान वेगळं असेल.

नेमाड्यांचीच ‘बिढार’ घ्या, १९७५ ची. तिच्यापासून सुरू होणाऱ्या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील तर कॉलेजात शिकवतो, म्हणजे त्याला नोकरी आहे. तरी तो एका गावातून दुसऱ्या गावात बिऱ्हाड हलवत राहतो. म्हणजे नोकरी लागली की सगळं ठीक, हेही नेमाडे आपल्याला देत नाहीत.

बरं, माझं काय झालं? पुस्तक संपलं त्या रात्री दुकान बंद करताना आण्णांना सांगून टाकलं. त्यांनी शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि म्हणाले, ‘मग इतके दिवस गिऱ्हाइकं उगंच गप केली म्हण की!’ मग जिना चढताना हळूच विचारलं, ‘कर्जबिर्ज नाही ना काही?’ नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर बसलो. नवी नोकरी चार महिन्यांनी लागली.

तर, सोडू नका. निदान ती बहिणीची पानं येईपर्यंत तरी वाचा. आणि तुम्हाला राग कुठं आला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकू. भेटूच!