मक्याचा साप आणि आठवड्यातली दहा मिनिटं

(मंडळाच्या 'पालक आणि मुलं' या रविवारच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काही जणांनी दाराजवळच्या खुर्च्या पकडल्या आहेत, हे मला इथून दिसतंय. निवांत बसा. साप आणलेला नाही. तो का आणला नाही, हेच आज सांगायचं आहे.

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. सापाशी माझा संबंध आधी नोकियाच्या फोनवरच्या खेळापुरता आणि नंतर 'पायथन' नावाच्या भाषेपुरता. पण तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टाने आमच्याकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आलं. कॉर्न म्हणजे मका, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं 'कणीस'. तेव्हापासून मंडळातल्या चार-पाच घरांतून मला एकच प्रश्न येतो, "अरे, पिल्लाला रोज हातात घेतलं तर चालेल का? किती वेळा घ्यायचं?" आम्हा कन्सल्टंट लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, 'इट डिपेन्ड्स'. पण आज तेवढ्यावर सुटका नाही, हे मला माहीत आहे.

आधी पाहुण्याची ओळख करून घेऊ. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, म्हणजे फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना इकडचा. बिनविषारी. उंदरांच्या मागे मक्याच्या कोठारात शिरायचा म्हणून हे नाव पडलं, असं काही जण म्हणतात. पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून पडलं, असं बाकीचे म्हणतात. आपल्याकडची धामण आठवा. ती पण उंदीर खाणारी, ती पण बिनविषारी, शेतकऱ्याच्या उपयोगाची. कॉर्न स्नेक म्हणजे तिचा सातासमुद्रापलीकडचा चुलत भाऊ समजा. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं आपल्या आजीने आपल्याला सांगितलेलं असतं. ते खरं नाही, साप दूध पिणारा प्राणीच नाही. आणि साप डूख धरतो, हेही खरं नाही. पण या डूख धरण्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जो डूख धरत नाही, तो लळाही लावून घेत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम फूटभर लांब असतं आणि वजनाला पेढ्यापेक्षा हलकं. मोठेपणी तो तीन ते पाच फूट होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. आता जरा त्या पिल्लाच्या जागी बसून बघा. जंगलात इतक्या लहान सापाला पक्षी, रानमांजर, मोठे साप असे सगळेच खातात. त्यामुळे वरून खाली येणारी कुठलीही मोठी वस्तू म्हणजे मरण, एवढं एकच ज्ञान घेऊन ते जन्माला येतं. आणि आपला प्रेमाचा हात नेमका वरूनच येतो!

म्हणून पहिला नियम. पिल्लू घरी आणल्यावर हातात घ्यायचं प्रमाण शून्य. निदान एक आठवडा त्याला हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही घरात दोन-तीन वेळा नीट खाल्ल्याशिवाय घाई करायची नाही. पाणी बदला, घाण काढा, आणि झाकण लावून बाजूला व्हा. मुलांना हे फार जड जातं. नवीन खेळणं आणलंय आणि खोकं उघडायचं नाही, असं काहीसं ते असतं. एका दुकानात मला सांगितलं होतं, "जितका जास्त हाताळाल तितका लवकर माणसाळेल, आजपासूनच सुरू करा." दुकानदाराचं काम विक्रीपर्यंत असतं, पुढचं आपल्याला बघायचं असतं.

दुसरा नियम पोटाचा. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एकदा खायला देतात. डोळेही न उघडलेलं, गोठवलेलं आणि मग कोमट केलेलं उंदराचं पिल्लू. (हो वहिनी, त्याचा डबा वेगळा, फ्रीझरही वेगळा.) साप चावून खात नाही, अख्खा घास गिळतो. तो घास पोटात विरघळायला दोन गोष्टी लागतात, ऊब आणि स्वस्थता. खाल्ल्यावर लगेच उचललं, वाकवलं, या हातातून त्या हातात दिलं, तर पिल्लू घास बाहेर टाकतं. आपल्याला वाटतं, उलटी झाली, होईल बरं. पण घासाबरोबर पोटातली पचनाची सगळी व्यवस्थाच बाहेर पडते. त्यानंतर दहा ते चौदा दिवस त्याला काही द्यायचं नाही, मग नेहमीपेक्षा लहान घास द्यायचा. इतक्या छोट्या जिवाला दोन-तीनदा असं झालं तर ते दगावू शकतं. आमच्या ओळखीच्या एका घरात वाढदिवसाच्या पार्टीत आठ-दहा मुलांनी 'पासिंग द पार्सल'सारखं पिल्लू फिरवलं. ते आदल्याच दिवशी जेवलेलं होतं. पुढचा महिनाभर त्या घरात साप खाईना आणि मुलगा जेवेना, अशी अवस्था होती. तेव्हा जेवणानंतर पूर्ण ४८ तास हात नाही म्हणजे नाही. कणीस काल दुपारी जेवलाय. म्हणून आज तो घरी आहे आणि मी एकटा इथे!

तिसरा नियम कातडीचा. मराठीत आपण 'कात टाकली' असं किती सहज म्हणतो. सापाला ते तितकं सहज नसतं. वाढत्या पिल्लाची दर चार-सहा आठवड्यांनी कात निघते. आधी रंग मंद होतो, डोळ्यांवर निळसर साय आल्यासारखी दिसते. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून ते बिचकतं. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांनी कात पडते. निळसर साय दिसली की कात पडेपर्यंत सुट्टी.

आता इंजिनिअरचा हिशेब मांडू. आठवड्याचे सात दिवस. एक दिवस जेवणाचा, पुढचे दोन आरामाचे. उरले चार. त्यातले दोन निवडा, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. सुरुवातीला एका वेळी पाचच मिनिटं. म्हणजे आठवड्याला एकूण दहा मिनिटं! काही महिन्यांनी पिल्लू स्थिरावलं, नियमित खायला लागलं, की आठवड्यात दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं. दिवसातून दोनदा कधीच नाही. आणि कात टाकण्याच्या आठवड्यात शून्य. झालं उत्तर. अगदीच कमीही नको बरं का. महिनोन्महिने हातच लावला नाही, तर साफसफाईच्या किंवा डॉक्टरकडे न्यायच्या वेळी ते बावचळतं. थोडं, ठरलेलं आणि शांत, एवढं पुरतं.

कसं घ्यायचं, तेही ऐका. आधी हात साबणाने धुवा, कारण हाताला उंदराचा वास असेल तर बोट म्हणजे जेवण वाटेल. नंतरही धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा वडीलधाऱ्यांनी लांबूनच बघावं. स्वयंपाकघरात साप आणायचा नाही. जमिनीवर मांडी घालून बसा, म्हणजे निसटला तरी उंचावरून पडणार नाही. हात वरून नाही, बाजूने न्या. अंगाच्या मधल्या भागाखाली हात घाला, डोकं किंवा शेपूट धरू नका. पकडायचं नाही, आधार द्यायचा. तो पुढे सरकेल, तुम्ही दुसरा हात पुढे करा, जिन्याच्या पायरीसारखा.

साप बोलत नाही, पण सांगतो. जीभ सावकाश आत-बाहेर करत तो निवांत फिरत असेल तर ठीक चाललंय. शेपटीचं टोक थरथरवत असेल, मान इंग्रजी 'एस'सारखी मागे घेतली असेल, घाण वासाचा द्रव सोडला असेल, सारखं निसटायला बघत असेल, तर तो 'नको' म्हणतोय. पिल्लू चावलंच तर ओरखड्याइतकं लागतं. हात झटकू नका, त्यात त्याचंच जास्त नुकसान होतं. शांतपणे परत ठेवा.

शांतपणाचं मोठं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटावं म्हणून. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, तेही त्यांच्याच खटपटीतून. आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलं असेल. मुलांनो, खैरेकाकांची नक्कल मात्र घरी करायची नाही. आणि भारतात सुट्टीला गेलात तर तिथला साप पकडायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे काही कॉर्न स्नेक नव्हेत.

आता आपल्या विनिपेगचं. नार्सिसला मे महिन्यात बरेच जण जाऊन आला असाल. इथून उत्तरेला साधारण १३० किलोमीटर. चुनखडीच्या भेगांतून हजारो गार्टर साप एकदम बाहेर येतात. इथली उणे तीसची थंडी ते जमिनीखाली, गोठणरेषेच्या खाली जाऊन काढतात. तरी १९९९ च्या हिवाळ्यात हजारो मेले. आपला कॉर्न स्नेक तर फ्लोरिडावाला. त्याला असली थंडी माहीतच नाही. त्याच्या पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश आणि दुसरी २२ ते २४ अंश हवी, आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच. भट्टी सुरू झाली की आपली घरं कोरडी ठणठणीत होतात, कात तुकड्यातुकड्यांत निघते. म्हणून पेटीत ओल्या शेवाळाचा एक डबा ठेवा. हिवाळ्यात मित्रांना दाखवायला गाडीतून साप नेऊ नका. आणि कंटाळा आला म्हणून त्याला बाहेर सोडणं म्हणजे सरळ मारणं आहे. पाळायच्या आधी शहराचे प्राण्यांबाबतचे सध्याचे नियमही स्वतः वाचून घ्या.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "हातात घ्यायचा नाही, कुरवाळायचा नाही, मग पाळलाय कशाला रे?" प्रश्न बिनतोड आहे. खरं सांगायचं तर सापाला आपल्या कुरवाळण्याची गरज नाही. फार तर तो आपल्याला सहन करायला शिकतो. हातात घेण्याची हौस आपली असते, त्रास त्याला होतो. आपण परदेशात मुलांना सगळं पटकन मिळवून देतो, कारण आजी-आजोबा, काका-मामा जवळ नाहीत, याची रुखरुख असते. अशा घरात एक जीव असा आला, की जो म्हणतो, 'आज नाही, परवा या.'

आमच्या फ्रिजवर एक कॅलेंडर आहे. जेवण, कात, हात, अशा तीन रंगांच्या खुणा लेक स्वतः करते. परवा तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. "काढ ना बाहेर, एकदाच," म्हणून सगळ्या मागे लागल्या. तिने डोळ्यांवरची साय बघितली आणि म्हणाली, "नको, त्याला आत्ता दिसत नाहीये. काचेतून बघा." आठ वर्षांची पोरगी चार मैत्रिणींना 'नाही' म्हणाली, तेही दुसऱ्या कुणासाठी तरी. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे सध्या एवढंच उत्तर आहे.

ज्यांना साप आणायचा आहे त्यांनी जरूर आणा, पण पंधरा-वीस वर्षांचा विचार करून. मुलं युनिव्हर्सिटीत जातील, साप तुमच्याकडेच राहील! आणायच्या आधी सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा. कणीसला भेटायचं असेल तर फोन करून या. तारीख तोच देईल.