कुदळ आणि नकाशा

(हिर्डोशी येथे हितचिंतकांच्या भेटीप्रसंगी उद्यानविद्येच्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)

भोरपासून एवढी वळणं सोसून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार.

कॉलेजात काय शिकतेस ते सांग, असं मला सांगितलं आहे. मी पुण्याला बी.एस्सी. उद्यानविद्येच्या चौथ्या वर्षाला आहे. घरी आले की शेजारच्या मावशी अजून विचारतात, "फुलं लावायला चार वर्षं कशाला लागतात गं?" त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे खाचरात भात, वरकस जमिनीत नाचणी-वरई. फुलं कुणी लावत नाही. तेरडा आणि सोनकी पावसात आपली आपण येतात.

मावशींना मी एवढंच सांगते की पुण्यात कुठल्याही नव्या सोसायटीच्या बागेत जाऊन खड्डे कोण खणतंय ते बघा. आमच्यासारख्या गावांतली माणसं असतात, नाहीतर कातकरी वाडीवरची. रोजावर आलेली. झाड कुठे लागणार, उतार कुणीकडे काढायचा, पाणी कुठून जाणार हे ठरवणारा माणूस कागद हातात घेऊन बाजूला उभा असतो. कुदळ आमची, नकाशा त्याचा. रोज आणि फी यांतला फरक तिथे पडतो. मी तो कागद वाचायला आणि काढायला शिकायला गेले.

आठ सत्रांत माती, खतं, कीड-रोग, फळझाडं, कलमं, भाजीपाला, काढणीनंतरची साठवण असं सगळं असतं. फुलांची व्यापारी शेती हा मोठा विषय. आपल्याच जिल्ह्यात मावळात तळेगावच्या बाजूला पॉलिहाउसमधले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

पुष्परचनेचाही विषय आहे. त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची. लग्नाला आणि ईस्टरला फुलं खोचायला जो हिरवा स्पंज आणतात, तो प्लास्टिकच असतो, कुजत नाही. त्याऐवजी भांड्यात कोंबडीजाळीचा गोळा बसवा, वर्षानुवर्षं चालतो. आणि फुलांचे देठ पाण्याखाली धरून तिरके कापा.

भूदृश्य नियोजनाच्या तासाला मात्र मला आपलं गाव सापडलं. फळ्यावर समोच्च रेषा काढल्या होत्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. शहरातली मुलं गोंधळली. मला त्या खाचरांच्या बांधांसारख्या दिसल्या. आमच्या आजोबांनी बांध घातले ते पाणी कुठे थांबतं ते बघून. बाग आखतानाही पहिला प्रश्न तोच, की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. हिरवळीला उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं. खाली नीरा-देवघरचं धरण असूनही मे महिन्यात हंडा घेऊन उतरलेल्या मुलीला हिरवळ आखताना हात जड होतो, हेही सांगून टाकते.

सगळ्यात अवघड गेली ती लॅटिन नावं. पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत, आणि झाडाला दोन-दोन शब्दांची नावं. पण त्यातच एक नाव असं निघालं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपला कुंभा. उन्हाळ्यात पांढरी, गुलाबी तुऱ्याची मोठी फुलं येतात, सकाळी झाडाखाली सडा पडतो, तोच. पुस्तकात त्याचं नाव कॅरेया आर्बोरिया. हा कॅरेया म्हणजे विल्यम केरी! सेरामपूरचे केरी. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे, १८११ साली नवा करार मराठीत काढणारे. त्यांनीच १८२० साली कलकत्त्याला शेती आणि बागकामाची संस्था स्थापन केली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी त्यांच्या सन्मानार्थ या झाडाला ते नाव दिलं. मंडळीत केरींचं नाव माहीत नाही असं कुणी नसेल. त्यांचं झाड किती जणांनी पाहिलं आहे?

पुण्याच्या रोपवाटिकांत ते सहसा मिळत नाही. तिथे गुलमोहर मिळतो, तो मूळचा मादागास्करचा. रेन ट्री मिळतो, तो अमेरिका खंडातला. हिरडा, ज्याचं नाव आमच्या हिरडस मावळाच्या नावात ऐकू येतं, तो क्वचितच. कारण ही रोपं करायला वेळ लागतो. हिरड्याची आठळी टणक, तशीच पेरली तर रुजायला फार रखडते. गर काढून, कवच थोडं फोडून, भिजवून लावावी लागते. जंगलातून रोप उपटून आणायचं नाही, आमरीसारखी फुलं तर मुळीच नाही. बी गोळा करायचं. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात गौण वनोपजावर आमचा हक्क मान्य झाला आहे. आतापर्यंत बाळहिरडा वाळवून व्यापाऱ्याला किलोवर घातला. त्याच झाडाचं रोप करून विकलं तर पैसा गावात राहील, आणि माझ्याबरोबर वाडीतल्या चार बायकांना घराजवळ काम मिळेल. मला परत यायचं आहे ते यासाठी.

आता पैशाचं स्पष्ट बोलते. फीची सवलत आहे, शिष्यवृत्ती आहे, पण माझ्या वेळी ती हाती पडेपर्यंत दुसरं सत्र उजाडलं. तोवर खोली, जेवण, एसटी, पुस्तकं. मुली गळतात त्या या सहा महिन्यांत. त्याच्या आधी बारावी विज्ञानासाठी भोरला राहणं आणि सीईटीची तयारी. तुम्ही मदत करणार असाल तर चौथ्या वर्षाच्या मुलीला करू नका, माझं निभावेल. अकरावीतल्या मुलीला करा, आणि पहिल्या सत्रातल्या. ज्यांना विज्ञान झेपणार नाही त्यांच्यासाठी दहावीनंतरची कृषी पदविका आहे, तीही चांगली.

आणखी एक. कुंभ्याची फळं पावसाच्या तोंडावर पिकतात, बी ताजंच लावावं लागतं. यंदा लावीन. ज्या मंडळीच्या आवारात जागा असेल त्यांनी मला लांबी-रुंदी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, विहीर किंवा बोअर कुठे आहे आणि पावसाचं पाणी कुठे साचतं, एवढं कागदावर लिहून द्या. नकाशा मी काढून पाठवते. रोपांचे पैसे घेईन. नकाशाचे परीक्षा झाल्यावर बघू.