ऑलिव्ह तेलाचा कचरा आणि माझं सातशेचं सीरम

ऑलिव्हचं चित्र बघून मी सातशे रुपयांचं सीरम घेतलं. घरी येऊन लेबल वाचलं, तर आत नुसतं ऑलिव्ह तेल. आता गंमत ऐका. ऑलिव्हमधली अँटिऑक्सिडंट्स, म्हणजे हायड्रॉक्सीटायरोसोल वगैरे, पाण्यात विरघळणारी. तेल काढताना तेलात जेमतेम १-२ टक्के उतरतात, बाकी चोथ्यात आणि काळ्या सांडपाण्यात. फाइल चुकून रिसायकल बिनमध्ये जावी तसंच! स्पेनमध्ये या ओल्या चोथ्याला अल्पेरुहो म्हणतात. तो तसाच शेतात टाकला तर हेच फिनॉल रोपांना मारक ठरतात. गाळून, रेझिनवर पकडून वेगळे केले, की क्रीममध्ये चालतात. पण हवा लागली की खराब होतात, म्हणून घाई हवी, खर्चही तिथेच. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय? बघा आणि कळवा.