आधी कोण?

श्रोतेहो, रांगेचं आपल्याला नवल नाही. रेशनच्या दुकानापुढे, एस.टी.च्या खिडकीपाशी, दवाखान्याच्या बाकावर आपण रांगेतच वाढलो. आता मात्र एक रांग आपल्या घरातच लागते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवर टांगलेल्या, हिरवे दिवे लुकलुकवणाऱ्या त्या डब्यात ती उभी असते. त्या डब्याला राऊटर म्हणतात. घरातला प्रत्येक फोन, टीव्ही आणि संगणक याच डब्यातून बाहेरच्या जगाशी बोलतो. त्या रांगेत आधी कोणाला सोडायचं, हे आपल्याला ठरवता येतं का, याविषयी आज बोलायचं आहे. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण हा प्रश्न नुसता यंत्राचा नाही, घराचाही आहे, म्हणून हे धाडस.

माझी बहीण दिवेआगरला राहते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. अशा वेळी पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्यांनीच कित्येक घरांना हात दिला. बहिणीचं घर त्यातलंच. आता पाहुणा खोलीत पाऊल टाकताच आधी पाणी नाही, वाय-फायचा पासवर्ड मागतो. तो द्यावाच लागतो.

तिचा मुलगा सतरा वर्षांचा. चौघांचा संघ करून तो ऑनलाइन खेळ खेळतो. एक गडी महाडला, एक मुंब्र्याला, एक पुण्याला. एकमेकांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण दोस्ती पक्की. शनिवारची संध्याकाळ झाली, पाहुणे समुद्रावरून परतले, की याचा खेळ अडखळू लागतो. शत्रू समोर दिसतो, हा बटण दाबतो, आणि गोळी सुटेपर्यंत हाच मेलेला असतो. संघातले म्हणू लागले, "तू शनिवारी नको येऊस." त्याच वेळेला आखातात नोकरीला असलेल्या त्याच्या अब्बांचा फोन येतो, तोही तुटक तुटक. मग बहिणीचा पारा चढतो. "तुझ्या या खेळानेच सगळं नेट खाल्लं!" असं म्हणून ती त्याचा फोन काढून घेते. मुलगा मला म्हणाला, "मामू, वेग तपासला तर चाळीसचा येतो. मग अडतं कुठे?"

प्रश्न रास्त होता. वेग म्हणजे एका सेकंदात किती माल वाहतो याचं माप. खेळाला मात्र दुसरंच माप लागतं. आपला इशारा खेळाच्या दूरच्या संगणकापर्यंत जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागला, त्याला पिंग म्हणतात. ते सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात मोजतात. मी याला मुशायऱ्याचा दाखला देतो. शायराने शेर म्हटला आणि दाद लगेच आली, तर मैफल रंगते. पहिल्या शेराची दाद तिसऱ्या शेराला आली, तर सभागृह कितीही मोठं असो, मैफल बसली. पिंग पन्नासच्या आत असलं की खेळ सुरळीत चालतो. शंभरापुढे गेलं की अडखळ जाणवू लागते. आणि एकदा तीस, एकदा तीनशे असं बेताल झालं, तर खेळणाऱ्याचा अंदाजच चुकतो.

मग ही दाद अडते कुठे? दिवेआगरहून मुरूडला जायचं तर आपण दिघीला येतो आणि जंगल जेटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरतो. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. समजा पुढे दहा मोठ्या बसगाड्या आहेत आणि त्यांच्यामागे एक मोटरसायकल. तिला बोटीत जागा लागते हातभर, पण ताटकळते बसगाड्यांइतकीच. तिला आधी सोडलं, तर बसवाल्यांचं बिघडतं काय? जवळजवळ काहीच नाही.

राऊटरमध्ये हेच घडतं. पाहुण्याने समुद्राचा १०० मेगाबाइटचा व्हिडिओ पाठवायला घेतला आणि आपला बाहेर पाठवण्याचा, म्हणजे अपलोडचा, वेग सेकंदाला १० मेगाबिट असला, तर त्याला ८० सेकंद लागतात. हा माल जाईल तसा राऊटर तो आपल्या पोटात साठवून ठेवतो. अशी १ मेगाबाइटची रांग साचली, तर ती संपायला सेकंदाचे आठ दशांश, म्हणजे ८०० मिलिसेकंद लागतात. खेळाचं पुडकं असतं शंभर-दोनशे बाइटचं, पण ते या रांगेच्या शेपटाला उभं राहतं.

आता उलट हिशेब करू. खेळ सेकंदाला साठ पुडकी पाठवतो असं धरा, प्रत्येक २०० बाइटचं. सगळी मिळून वाटेचा जेमतेम एक टक्का होतात. त्यांना आधी सोडलं, तर पाहुण्याचा व्हिडिओ ८० ऐवजी सुमारे ८१ सेकंदांत जाईल. पाहुण्याला कळणारही नाही.

इथे माझ्या बहिणीच्या घरातल्या भांडणाचा उलगडा झाला. खेळाने नेट खाल्लं नव्हतं. घरात सगळ्यात कमी खाणाऱ्यांतला तोच होता. अब्बांचा आवाज तसाच: थोडा, पण तातडीचा. आई आणि मुलगा एकमेकांचे वैरी समजून भांडत होते, आणि दोघंही एकाच रांगेत मागे अडकले होते.

ही गोष्ट जाणत्यांनाही उशिराच कळली. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याने २०१० साली आपल्याच घरी मोठी फाईल पाठवताना नेट का रखडतं, याचा छडा लावला. यंत्रात साठवणीची जागा गरजेपेक्षा फार मोठी ठेवल्याने रांग लांबत जाते, असं त्याला दिसलं. या दुखण्याला 'बफरब्लोट' असं नाव पडलं. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची रीत मांडली.

आता उपाय. राऊटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर एक आकडी पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनवर तो टाकला, की राऊटरचं पान उघडतं. तिथे नाव आणि पासवर्ड द्यायचा. मग 'क्यूओएस' ही तीन अक्षरं शोधायची. क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजेच रांगेचा नियम. काही राऊटरांत 'एसक्यूएम' असतं, ते मिळालं तर फारच उत्तम. ते प्रत्येकाची वेगळी रांग लावतं आणि ज्याचा माल थोडा त्याला आपणहून पुढे काढतं. ते नसेल, तर ज्या फोनला किंवा संगणकाला प्राधान्य द्यायचं, त्याचं नाव यादीतून निवडून वरचा क्रम द्यायचा.

यापुढची पायरी लोक हमखास गाळतात. गर्दीच्या वेळी वेग दोन-तीनदा मोजायचा आणि क्यूओएसच्या रकान्यात त्याच्या ८५ ते ९० टक्केच आकडा भरायचा. ३६ मिळत असेल तर ३१-३२ लिहायचं. विकत घेतलेला वेग आपणच का कापायचा? कारण रांग जिथे वाट अरुंद होते तिथे लागते. पूर्ण वेग लिहिला, तर ती पुढच्या यंत्रात लागते, आणि तिथे आपला शब्द चालत नाही. थोडा कमी लिहिला, की रांग आपल्या राऊटरमध्ये थांबते. ज्याच्या दारात रांग, त्याच्याच हाती तिचा न्याय. हे अपलोडला पुरेपूर लागू पडतं. येणाऱ्या मालाची रांग कंपनीकडे लागते, म्हणून त्यावर आपला ताबा कमी, तरीही वेग आवरल्याने बराच फरक पडतो.

आणखी दोन गोष्टी. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वाय-फाय बहुतेक राऊटर देतात. त्याला स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि सोय असेल तर वेगाची मर्यादाही घालावी. दुसरं, मुलाच्या फोनला प्राधान्य दिलं, की त्या फोनवर उतरणारी खेळाची नवी आवृत्तीही पुढे घुसते, आणि ती कित्येकदा एक-दोन गिगाबाइटची असते. ती रात्री सगळे झोपल्यावर उतरवावी. आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला पहिला क्रम दिला, तर कोणालाच दिला नाही असं होतं.

क्यूओएस हा जादूचा मंत्र मात्र नव्हे. आमच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय जेमतेम पार होतं. तिथे राऊटरपासून खोलीपर्यंत साधी लॅनची केबल ओढणं हाच खरा इलाज. अंतरही कमी होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. खेळाचा संगणक मुंबईत असेल, तर ही वाट नगण्य. तो सिंगापूरला असेल, तर जवळजवळ चार हजार किलोमीटर जाण्या-येण्यातच चाळीस मिलिसेकंद जातात. आणि पावसाळ्यात वीज गेली, की इन्व्हर्टरवाचून सगळेच सारखे! कंपनीने बसवलेल्या डब्यात ही सोय नसेल, तर त्याला जोडून स्वतःचा राऊटर घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, एका खेळासाठी एवढा खटाटोप? खेळांतही फरक असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्याने बंदी आणली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत या खेळांना पदकंही होती. वेळेचं बंधन हवंच, ते आई-बापांनी घालावं. पण ठरल्या तासाभरात तरी मुलाला नीट खेळता यावं.

एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्राय या नियामक संस्थेने निरनिराळ्या संकेतस्थळांसाठी निरनिराळे दर लावायला कंपन्यांना मनाई केली. २०१८ च्या जुलैत सरकारने नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे जाळ्याची निःपक्षता, हे तत्त्व मान्य केलं. अमक्याचा माल पुढे आणि तमक्याचा मागे, असं कंपनीने आपल्या सोयीने करायचं नाही. मग घरात आपण तेच का करावं? कारण घरात निवड करणाराही आपणच असतो आणि तिचा परिणाम सोसणाराही आपणच. अट एकच, ती निवड सगळ्यांनी बसून करावी. राऊटरचा पासवर्ड ज्याला ठाऊक त्याचंच राज्य, असं होऊ नये.

बहिणीच्या घरी अशी बैठक झाली. अब्बांचा फोन, डॉक्टरांशी बोलणं आणि मुलाचे ऑनलाइन तास पहिले. खेळ दुसरा. सिनेमे आणि मालिका तिसऱ्या. व्हिडिओ पाठवणं आणि नव्या आवृत्त्या शेवटी. मुलानेच हे राऊटरमध्ये भरलं, आणि अब्बांच्या फोनखाली आपलं नाव स्वतः लिहिलं. आता शनिवारी खेळ चालतो, फोनवरचा आवाजही तुटत नाही. पाहुण्यांची तक्रार नाही.

श्रोतेहो, मोठ्या आवाजाचा पुढे जातो, हे आपण बाहेर रोज पाहतो. घरातल्या या लहानशा डब्यात तरी उलटा नियम लावून बघा. ज्याची गरज थोडी आणि ज्याला थांबणं परवडत नाही, त्याला आधी जाऊ द्या. बाकीच्यांना फार तर एक सेकंद जास्त लागेल.