बेटावरची नोकरी आणि बेटावरची माणसे



आगमन शताब्दीच्या या कार्यक्रमात आमच्या घरातर्फे चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा काय बोलावे असा प्रश्न पडला. आम्ही प्राथमिक शाळेत शिकवणारी माणसे. आपले आजे-पणजे जहाजातून कसे आले, उसाच्या मळ्यात कसे राबले, हे आमच्यापेक्षा चांगले सांगणारे इथे बसले आहेत. म्हणून आम्ही घरातलीच एक लहान गोष्ट सांगतो. ती घडली दिएगो गार्सियात आणि पोर्ट लुईच्या शाळेत. पण ती आम्हांला नीट कळली जर्मनीत.

आमचे धाकटे आजोबा दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होते. १९४२ साली ब्रिटिशांनी दिएगो गार्सियाला ईस्ट पॉइंट इथे हवाई तळ उभारला. पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमाने तिथून समुद्रावर टेहळणीला जात. कॅनन पॉइंटला सहा इंची दोन तोफा होत्या. त्यांवर आधी गोरे नौसैनिक होते, मग मॉरिशसची आणि हिंदुस्थानची माणसे नेमली गेली. त्यांत आमचे आजोबा. घरापासून दोन हजार किलोमीटरांहून दूर.

शत्रू कधी आलाच नाही. “आम्ही पाण्याकडे बघायचा पगार घेतला,” असे ते हसून सांगत. १९४४ च्या सप्टेंबरातल्या वादळाने विमाने किनाऱ्यावर आपटली, ते मात्र हसून सांगत नसत. बेटावरची माणसे खोबरे वाळवीत आणि आपल्यासारखेच क्रिओल बोलत. रविवारी कोणीतरी जेवायला बोलवी. नारळाच्या दुधातले कालवण, त्याला ते लोक सेराझ म्हणत. आजोबा म्हणायचे, “पहिला घास खाल्ला आणि आईची आठवण आली.” १९१४ च्या ऑक्टोबरात एमडन नावाची जर्मन लढाऊ नौका तिथे आली होती. युद्ध सुरू झाल्याची बातमी बेटावर पोहोचलीच नव्हती. लोकांनी पाहुण्यांना ताजे अन्न दिले आणि जर्मनांनी तिथली बिघडलेली मोटरहोडी दुरुस्त करून दिली. ही हकिकत आजोबा रंगवून सांगत.

१९४६ च्या एप्रिलअखेर तो तळ बंद झाला. आजोबा घरी आले. ईस्ट पॉइंटचे लोक मात्र आपल्या घरीच होते. पुढे १९६५ साली ते बेट मॉरिशसपासून तोडले गेले आणि १९६८ ते १९७३ या काळात चागोसच्या सगळ्या लोकांना उठवून जहाजांनी इकडे आणि सेशेल्सला सोडले.

त्यांतलीच एक मुलगी आमच्या वर्गात आली. मागच्या बाकावर बसायची. तिच्या पायात चपला नसत. आम्ही तिला ‘झिल्वा’ म्हणून चिडवायचो. एकदा आजोबा आम्हांला न्यायला आले आणि त्यांनी ते ऐकले. त्यांनी तिला जवळ बोलावून विचारले, “कुठली गं तू?” ती म्हणाली, “ईस्ट पॉइंट.” आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, “तिथे आम्ही पाहुणे होतो. घर तिचे होते. तुमचे पणजोबाही असेच बोटीतून उतरले, तेव्हा त्यांना कोणी हसले असेल, ते विसरलात?” आम्ही खाली मान घातली. पण तिची माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी ती शाळेत दिसली नाही.

ही गोष्ट आम्ही कितीतरी वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे भाच्याकडे हॅम्बुर्गला गेलो. त्याने आम्हांला उत्तर समुद्रातले हेल्गोलांड बेट दाखवायला नेले. कुक्सहाफनहून निघालेली आमची बोट किनाऱ्यापासून दूर थांबली. तिथल्या दोन खलाशांनी दोन्ही दंडांना धरून आम्हांला लाकडी होडीत घेतले. आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांशी आमच्या पणजीला कोणी असा हात दिला होता का, हेच आमच्या मनात आले.

हेल्गोलांड हा तांबड्या दगडाचा छोटा डोंगर आणि शेजारी वाळूचे एक बेट. १८९० साली झांझिबारच्या देवघेवीत ब्रिटनने ते जर्मनीला दिले. तिथल्या लोकांना कोणी विचारले नाही. जर्मनीने तिथे आरमारी तळ केला. पहिल्या महायुद्धात लोकांना हलवले, मग परत आणले. हिटलरच्या काळात डोंगर पोखरून भुयारे केली, पाणबुड्यांसाठी काँक्रीटचा गोठा बांधला. त्या काळात जर्मनीत विमानविरोधी तोफांवर पंधरा-सोळा वर्षांची शाळकरी मुले नेमली जात आणि शिक्षक तोफांपाशी जाऊन धडे घेत. हे ऐकून आम्हां शिक्षकांच्या अंगावर काटा आला.

१९४५ च्या एप्रिलात हेल्गोलांडचे काही लोक आणि सैनिक, लढाई न करता बेट सोपवावे म्हणून गुप्तपणे जमले. गेओर्ग ब्राउन आणि एरिख फ्रीडरिख्स हे त्यांतले पुढारी. फितुरी झाली. १८ एप्रिलला त्यांना पकडले आणि २१ तारखेला कुक्सहाफनजवळ त्यांच्यासह पाच जणांना गोळ्या घातल्या. त्याच १८ तारखेला सुमारे हजार ब्रिटिश विमानांनी बेटावर बाँब टाकले. भुयारांत बसलेले गावकरी बहुतेक वाचले, पण गाव उरले नाही. सगळ्यांना मुख्य भूमीवर नेले. बरोबर दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९४७ ला, ब्रिटिशांनी तळ नष्ट करण्यासाठी तिथे ६,७०० टन स्फोटके उडवली. डोंगराचा एक भाग कोसळला. तोफखान्याचा एक मनोरा तेवढा उभा राहिला. आज तेच तिथले दीपगृह आहे. पुढे १९५२ पर्यंत रिकाम्या बेटावर बाँब टाकण्याचा सराव चालू होता.

आता ती माणसे काय करीत होती ते ऐका. ती वेगवेगळ्या गावांत विखुरली होती. बेटावरच जन्मलेले जेम्स क्र्युस हे तेव्हा विशीतले तरुण होते. शिक्षकाची परीक्षा पास झालेले, पुढे मुलांचे मोठे लेखक झालेले. त्यांनी या विखुरलेल्या लोकांसाठी ‘हेल्गोलांड’ नावाचे पत्र काढले. म्हणजे आपल्या या स्मरणिकेचेच भावंड म्हणा. लोक अर्ज करीत राहिले, आपली हालुंडर बोली बोलत राहिले. १९५० च्या डिसेंबरात रेने लॉइडेसडॉर्फ आणि गेओर्ग फॉन हात्सफेल्ट हे दोन विद्यार्थी बाँबची पर्वा न करता बेटावर जाऊन राहिले आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. १ मार्च १९५२ ला बेट परत मिळाले. लोकांनी नवे गाव बांधले. १ मार्च हा दिवस ते आजही पाळतात.

भुयार दाखवणाऱ्या बाईंना आम्ही विचारले, “तळावर नोकरी केलेले लोक इथे येतात का?” त्या म्हणाल्या, “पूर्वी यायचे. त्यांच्या आठवणी आम्ही ऐकल्या. पण आम्हांला भुयारापेक्षा घरे दाखवायला आवडतात.”

तेव्हा आजोबांचे वाक्य आम्हांला कळले. नोकरी संपते, तोफा गंजतात, तळ ओस पडतो. घर ज्याचे, ते त्याचेच राहते. पण त्याने ते आठवले पाहिजे आणि इतरांनी ऐकून घेतले पाहिजे. हेल्गोलांडचे लोक सात वर्षांनी घरी गेले. २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसला मॉरिशसपासून तोडणे बेकायदा होते असे मत दिले. पण आमच्या वर्गातल्या त्या मुलीला पन्नास वर्षे होऊन गेली.

आपल्या पूर्वजांची नावे, गावे, वय, उंचीसुद्धा मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतल्या कागदांत सापडते. आजोबांच्या आठवणी कुठल्याच कागदावर नाहीत. तुमच्याही घरात सैन्यात गेलेले कोणी असेल. त्यांचे ऐकून वहीत लिहून ठेवा. आणि कासीत, रोश ब्वाला चागोसची एखादी आजी भेटली, तर तिचेही लिहून घ्या. तिच्या गावचे कालवण कसे करतात ते विचारा.

आम्ही त्या मुलीचा शोध घेतो आहोत. ती आता आमच्याच वयाची असेल. भेटली तर आधी माफी मागू, मग आजोबांनी तिच्या घरच्या माणसांचे मीठ खाल्ले होते, हे सांगू.